व्यवसायाचा रकाना

चर्चच्या विवाहनोंदवहीत वधूवरांच्या नावापुढे व्यवसायाचा एक रकाना असतो. जुन्या वह्या चाळताना या एका रकान्यातून अवघ्या धर्मग्रामाचा इतिहास वाचता येतो. आरंभी शेतकरी, बागायतदार, सुतार, मच्छीमार. मग शिक्षक, रेल्वे, गिरणी, बँक. त्यानंतर आखाती देशांतील नोकऱ्या आणि संगणक. गेल्या काही वर्षांत याच रकान्यात अधूनमधून एक नवा शब्दप्रयोग येऊ लागला आहे : 'मुक्त लेखक व छायाचित्रकार'. तो लिहिताना आमचे अक्षर अडत नाही, परंतु समोर बसलेल्या वधूपित्याच्या कपाळावर मात्र आठी उमटते. बाहेर पडताना तो मागे रेंगाळतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "फादर, म्हणजे हा मुलगा नक्की करतो तरी काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने स्वतःच्या संसारात महिन्याच्या एक तारखेची वाट पाहिली आहे, त्याला पगाराविना चालणाऱ्या संसाराची धास्ती वाटणे स्वाभाविकच होय. आपल्या अनेक कुटुंबांत आज असा एखादा मुलगा वा मुलगी आहे. गळ्यात कॅमेरा, खिशात वही, आणि घरात रोजचा वाद. म्हणून या व्यवसायाविषयी आम्ही जे पाहिले, ऐकले व थोडेबहुत अनुभवले, ते वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

आमचा स्वतःचा अनुभव अगदीच तुटपुंजा आहे. सेमिनरीत असताना भित्तिपत्रकाची जबाबदारी आमच्याकडे होती. त्यासाठी एक जुना कॅमेरा मिळे आणि छत्तीस छायाचित्रांचा एक रोल कित्येक महिने पुरवावा लागे. कळ दाबण्याआधी तीनतीनदा विचार करण्याची सवय तेव्हा जडली. पुढे नियतकालिकांतून लिहू लागलो, तेव्हा पहिले काही लेख साभार परत आले. तथापि आमच्या जेवणाचे ताट त्या लेखांवर अवलंबून नव्हते. परत आलेला लेख आम्हांला केवळ खिन्न करी; मुक्त लेखकाला तो उपाशी ठेवू शकतो. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून त्यांच्या व्यवसायाबद्दल बोलू नये, असे आम्हांला वाटते.

'मुक्त' हा शब्द मोठा फसवा आहे. हा मनुष्य साहेबापासून मुक्त असतो हे खरे. परंतु भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, ठरलेली वेतनवाढ यांपासूनही तो मुक्तच असतो! त्याला स्वतःच कारागीर, स्वतःच दुकानदार, स्वतःच हिशेबनीस आणि स्वतःच वसुलीचा कारकून व्हावे लागते. आमच्या निरीक्षणाप्रमाणे, अशा व्यक्तीच्या दिवसातील थोडाच वेळ प्रत्यक्ष लिहिण्यात वा छायाचित्रे काढण्यात जातो. उरलेला वेळ विषय सुचवणारी पत्रे लिहिणे, परवानग्या मिळवणे, प्रवास, निवड, मथळे व ओळी लिहिणे आणि मानधनाची आठवण करून देणे यांत खर्ची पडतो.

लेखणीवर जगण्याची धडपड मराठीला नवी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि त्यातून दिवाळी अंकांची जी परंपरा उभी राहिली, तिने असंख्य लेखकांना दरवर्षी एक हक्काची जागा दिली. परंतु त्यांतील बहुतेकांचा चरितार्थ प्राध्यापकी, शिक्षकी वा कारकुनी यांवर चाले. लेखणी ही जोडधंदा होती. कॅमेऱ्याची गोष्ट याहून कठीण. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी काढलेली छायाचित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'ने घेतली, ती प्रत्येकी एक रुपया देऊन. आरंभीची त्यांची कित्येक छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा आणि नंतरचा काळ त्यांनी टिपला. १९७० साली कॅमेरा खाली ठेवला आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. एक रुपया आणि पद्मविभूषण यांच्या मध्ये किती वर्षांची पायपीट आहे, हे आपल्या तरुणांनी मोजून पाहावे.

आणखी दोन उदाहरणे आम्ही पालकांना नेहमी सांगतो. गौतम राजाध्यक्ष यांची चेहऱ्यांची छायाचित्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. ते लिहीतही सुरेख. परंतु १९७४ साली जाहिरात संस्थेत लागलेली नोकरी त्यांनी सोडली ती १९८७ साली. मधल्या तेरा वर्षांत हात बसला, ओळखी झाल्या, नाव झाले. मग त्यांनी उडी घेतली. दुसरे उदाहरण डॉ. अनिल अवचट यांचे. वैद्यकीची पदवी हाती असताना त्यांनी माणसांत हिंडून लिहिण्याचा मार्ग धरला. १९६९ सालच्या 'पूर्णिया'पासून २०२२ साली त्यांचे निधन होईपर्यंत तो सुटला नाही. मात्र या मुक्ततेच्या पाठीशी डॉ. सुनंदा अवचट यांची येरवड्याच्या मनोरुग्णालयातील नोकरी उभी होती, हे त्यांनी स्वतः कधी लपवले नाही. तात्पर्य काय, तर एकाने उडीआधी दीर्घ तयारी केली आणि दुसऱ्याच्या घरात एक नियमित मिळकत होती. केवळ धाडसाच्या कथा ऐकून राजीनामा लिहिणाऱ्या तरुणांना या दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही.

आता आमच्या परिचयातील एका तरुणाविषयी. त्याचे नाव येथे देत नाही. तो वसईच्या बागायती पट्ट्यातला, एवढे पुरे. पदवीनंतर काही वर्षे त्याने अंधेरीस नोकरी केली. सुट्टीच्या दिवशी तो लग्नसमारंभांची छायाचित्रे काढी आणि रात्री आपल्या भागातील विहिरी, वाड्या, जुनी घरे, म्हातारी माणसे यांवर लिही. २०१६ साली त्याने नोकरी सोडली. कॅमेरा व भिंगे यांसाठी पतपेढीचे कर्ज काढले आणि जामीन म्हणून सही केली वडिलांनी. आई आमच्याकडे आली. "फादर, तुम्ही तरी त्याला समजवा. उद्या हप्ते थकले तर वाडीवर बोजा चढेल," असे म्हणताना तिचा आवाज कापत होता. घरात एक धाकटी बहीण लग्नाची होती.

आम्ही वडिलांना विचारले, "तुम्ही सही कशी केलीत?" तो गृहस्थ मितभाषी. थोडे थांबून म्हणाला, "फादर, आमच्या वाडीला तरी कोण पगार देतो? केळीचा घड वर्षाने हाती येतो. तोवर मधल्या वाफ्यातली भाजी आणि पहाटेच्या गाडीने दादरला जाणारी फुले घर चालवतात. नुसती केळी लावील तो बुडेल. पोराला मी एवढेच सांगितले आहे, मधले वाफे रिकामे ठेवू नकोस."

मुक्त व्यवसायाचे याहून नेटके अर्थशास्त्र आम्ही ऐकलेले नाही. पुस्तक, मोठा छायालेख वा प्रदर्शन हा केळीचा घड. वृत्तपत्राच्या पुरवणीतील छोटा लेख, संस्थेच्या वार्षिक अहवालाचे काम, भाषांतर, बारशाची व लग्नाची छायाचित्रे ही रोजची फुले. ज्या तरुणांनी 'आम्ही कलावंत, लग्नाची कामे करणार नाही' असे म्हणत फुलांचे वाफे मोडले, त्यांतील बरेच जण दोनतीन वर्षांत पुन्हा नोकरीच्या रांगेत उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत.

या मिळकतीचेही ऋतू असतात. आपल्या समाजात उपवासकाळात व आगमनकाळात लग्ने होत नाहीत. नाताळ उलटल्यापासून राखेच्या बुधवारपर्यंत आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर पावसाळा लागेपर्यंत, असे लग्नांचे दोन हंगाम. मराठी दिवाळी अंकांचे काम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होते, लेख पावसाळ्यात द्यावा लागतो आणि मानधन अंक निघाल्यानंतर, कधी नव्या वर्षात येते. म्हणजे जूनमध्ये केलेल्या श्रमाचा पैसा जानेवारीत! हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो. म्हणून त्या तरुणाने दोन खाती ठेवली. हंगामात येणारी सर्व रक्कम एका खात्यात जाई आणि त्यातून दरमहा ठराविक रक्कम तो 'पगार' म्हणून दुसऱ्या खात्यात घेई. चांगल्या महिन्यात अधिक नाही, वाईट महिन्यात कमी नाही. ज्या दिवशी ही शिस्त बसली, त्या दिवशी आईच्या डोळ्यांतील भीती निम्म्याने उतरली.

त्याच्या कामाची रीतही सांगण्याजोगी आहे. एखाद्या विषयासाठी तो एकदाच प्रवास करी, परंतु त्यातून चार कामे उभी राहत. फुलबागायतदारांवर त्याने एक पावसाळाभर टिपणे काढली. त्यांतून पुरवणीसाठी छोटा लेख झाला, शेतीविषयक मासिकासाठी लागवडीची माहिती झाली, दिवाळी अंकासाठी दीर्घ लेख झाला आणि पहाटेच्या गाडीतील पाट्यांची छायामालिका झाली. मजकूर प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहिलेला. एकच लेख दोघांना विकण्याची लबाडी नाही. प्रत्येक छायाचित्रासोबत कोण, कोठे, केव्हा ही नोंद तो त्याच दिवशी करी. महिन्याने आठवणीवर विसंबून नाव लिहिले की ते चुकते, आणि चुकीचे नाव छापून आलेला माणूस पुन्हा दार उघडत नाही.

आपल्या खाऱ्या, दमट हवेचा जाचही या व्यवसायाला आहे. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगाला बुरशी धरते आणि महागाचे भिंग कवडीमोल होते. तो भिंगे हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवी आणि त्या पुड्या वेळोवेळी बदली. छायाचित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरांत असत. एक स्वतःकडे, दुसरी मामाकडे. वाडीतील बियाणे जपावे तसे हे जपणे आहे.

मात्र शिस्तीने सर्व काही साधते असे नाही. एका प्रकाशनाने त्याचे छायाचित्र त्याला न विचारता, नाव न देता छापले. विचारणा केली तेव्हा उत्तर आले की प्रसिद्धी मिळाली हेच मानधन समजा. तो खचून आमच्याकडे आला. आम्ही धर्मग्रामातील एका वकील भाविकाकडे त्याला पाठवले आणि त्या निमित्ताने आमचेही शिक्षण झाले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुक्त लेखकाच्या लेखाचा प्रथम मालक सामान्यतः तो लेखकच असतो. परंतु एखाद्याने मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी काढवून घेणाऱ्याची होते. म्हणजे लग्नाचे छायाचित्र कायद्याने त्या कुटुंबाचे. छायाचित्रकाराने ते आपल्या जाहिरातीत वापरायचे तर आधी लेखी ठरवून घ्यावे. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. आणि हक्क विकला तरी 'हे काम माझे आहे' असे सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही लेखाप्रमाणेच निर्मात्याच्या हयातीत आणि त्यापुढे साठ वर्षे संरक्षण मिळते. शेताचा सातबारा जपणाऱ्या आपल्या लोकांनी लेखणीचा आणि कॅमेऱ्याचा हा सातबाराही वाचावयास शिकले पाहिजे. वकिलाच्या एका पत्रानंतर पैसे आले. नाव पुढल्या अंकात छापले गेले, बारीक अक्षरांत का होईना!

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला. गाड्या बंद पडल्या, वीज गेली, तळमजल्यावरील घरांत गुडघाभर पाणी. तो तरुण कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हिंडत होता. छायाचित्रे काढत होता आणि वाटेत लोकांना हातही देत होता. एका घरात भिजलेल्या गाद्यांच्या ढिगावर एक वृद्धा बसली होती. मांडीवर मृत पतीचा भिजून फुगलेला फोटो, आणि ती हमसून रडत होती. त्याने कळ दाबली. तिने वर पाहिले आणि म्हणाली, "बाळा, हे कोणाला दाखवू नको हं."

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या एका वृत्तसंस्थेने त्याची पुराची छायाचित्रे मागवली. त्याने निवडक पाठवली आणि बोलण्याच्या ओघात या छायाचित्राचाही उल्लेख केला. त्यांना तेच हवे झाले. देऊ केलेली रक्कम त्याच्या जवळजवळ तीन हप्त्यांइतकी होती; आणि पावसाळा असल्याने दोन हप्ते थकलेले होते. तो रात्री आमच्याकडे आला. आम्ही त्याला उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "तिने नको म्हटले ते तू ऐकलेस ना?" तो बराच वेळ गप्प बसला आणि उठून गेला. छायाचित्र त्याने पाठवले नाही. थकलेले हप्ते त्याने सप्टेंबरात, एका शाळेच्या स्मरणिकेचे काम करून भरले.

या बाबतीत मतभेद संभवतात याची आम्हांला जाणीव आहे. जेकब रीस या डॅनिश स्थलांतरिताने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या चकचकाटी दारूच्या उजेडात टिपल्या आणि १८९० साली पुस्तकरूपाने जगापुढे मांडल्या. त्यामुळे घरांच्या प्रश्नाला वाचा फुटली, हे निर्विवाद. परंतु अपरात्री डोळ्यांवर अकस्मात उजेड पडलेल्या त्या माणसांना सहसा कोणी आधी विचारले नव्हते, हेही खरेच. दुःख जगासमोर आलेच पाहिजे, असे म्हणणारा पक्ष दुबळा नाही. तथापि दुःखाचे दर्शन घडवणे आणि दुःखिताची इच्छा मोडणे यांत अंतर आहे. पुराचे गांभीर्य सांगणारी अन्य छायाचित्रे त्या तरुणाने दिलीच होती. त्या वृद्धेच्या अश्रूंवाचून काही अडणार नव्हते. अडणार होता तो केवळ त्याचा हप्ता.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. चर्चची दारे बंद झाली आणि पुनरुत्थानानंतरचा लग्नांचा अवघा हंगाम बुडाला. तेव्हा घर तगले ते मधल्या वाफ्यांवर. त्याने इंग्रजीतून मराठीत भाषांतरे केली, एका संस्थेच्या आरोग्यविषयक पुस्तिका लिहिल्या आणि जुन्या छायाचित्रांची नीट सूची केली. पाणी ओसरल्यानंतर त्या वृद्धेकडे तो अधूनमधून जात असे. टाळेबंदी शिथिल झाल्यावर तिने आपणहून आपली कहाणी त्याला सांगितली : लग्न करून आल्यावेळची वसई, नवऱ्याची रेल्वेतली नोकरी, विहिरीचे गोड पाणी खारे होत गेलेले वर्ष. शेवटी म्हणाली, "आता काढ माझा फोटो. थांब, लुगडे बदलते." तो लेख तिच्या नावानिशी, तिच्या हसऱ्या छायाचित्रासह दिवाळी अंकात आला. पतपेढीचे कर्ज २०२२ साली फिटले. बहिणीचे लग्न त्याआधीच झाले होते, आणि त्या लग्नाची छायाचित्रे काढायला त्याने दुसऱ्या छायाचित्रकाराला रीतसर पैसे देऊन बोलावले. "मी त्या दिवशी भाऊ आहे," तो म्हणाला.

पालकांनो, आपल्या घरात असा मुलगा वा मुलगी असेल तर प्रथम त्याची वही पाहावयास मागा. त्याची स्वप्ने नंतर ऐका. कोणास काय पाठवले, काय छापले, किती पैसे आले, किती यायचे आहेत, हे त्या वहीत असेल तर घाबरू नका. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी बांधल्यावाचून राजीनामा देऊ देऊ नका. आरोग्य विमा त्याच्या नावे आहे की नाही ते पाहा. आणि पहिला लेख परत आला म्हणून 'मी म्हटलेच होते' हे वाक्य उच्चारू नका. ते संपादकाच्या नकारापेक्षा अधिक लागते.

धर्मग्राम म्हणूनही आपले काही देणे लागते. सण आला की आपल्या समित्यांना छायाचित्रे हवी असतात, स्मरणिकेला लेख हवे असतात, आणि बहुधा ते 'सेवा' म्हणून फुकट मागितले जातात. मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, छापखानेवाला यांना आपण पैसे देतो. त्यांना सेवेची आठवण करून देत नाही. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, ही शिकवण जुन्या करारापासून चालत आलेली आहे, आणि ती फावड्यापुरती मर्यादित नाही. आमच्या धर्मग्रामाच्या पालकीय मंडळात हा विषय निघाला तेव्हा दोन बैठका वाद झाला. अखेरीस सणाच्या अंदाजपत्रकात 'लेखन व छायाचित्रण' अशी स्वतंत्र ओळ घालण्यात आली. रक्कम मोठी नाही, परंतु ती काम झाल्यापासून आठ दिवसांत द्यावयाची, असा ठराव आहे. ज्याला ही रक्कम चर्चला परत दान करावयाची असेल त्याने खुशाल करावी, पण ती आधी त्याच्या हातात पडली पाहिजे. आजवर दोघांनी ती दान केली आणि तिघांनी घरी नेली. पाचही जणांचे आम्ही सारख्याच आनंदाने आभार मानले.